जुन्या गोव्यातील एक निनावी 'चेटक्या'



बेळगाव-निपाणीकडील माणसास जुने गोवे परके नाही. चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट उतरला की तिकडची वाट सोपी. ३ डिसेंबरच्या फेस्ताला आमच्या भागातून ख्रिस्ती मंडळी तर जातातच. परंतु 'गोंयच्या सायबा'ला बोललेला नवस फेडण्यासाठी अन्य धर्मांचे लोकही मोठ्या संख्येने जातात. बॉम जेझूसमध्ये संत फ्रान्सिस झेविअरच्या शवपेटिकेपुढे मेणबत्ती लावावी, रस्ता ओलांडून से कथेद्राल पाहावे, तेथील 'सोन्याची घंटा' कोणती ते विचारावे आणि उन्हे कलण्यापूर्वी परतीची गाडी धरावी, असा बहुतेकांचा क्रम असतो. कथेद्रालपुढील मोकळ्या जागेत मात्र कोणी थांबत नाही. थांबण्यासारखे तेथे काही उरलेलेच नाही. या जागेला लागून एके काळी एक प्रचंड वाडा उभा होता. मुळात तो आदिलशाही अमदानीतला; पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉय तेथे राहिले, आणि १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे न्यायासन, स्थापन झाल्यावर तो वाडा त्या न्यायासनाकडे गेला. गोव्याचे सामान्य लोक त्यास 'थोरले घर' म्हणत. एकोणिसाव्या शतकात तो पाडण्यात आला.

या थोरल्या घरातून १२ जानेवारी १६७६ रोजी बाहेर काढलेल्या एका माणसाविषयी आज मी बोलणार आहे. तो एतद्देशीय ख्रिस्ती होता. त्याच्यावर आरोप चेटूक केल्याचा होता आणि त्याच दिवशी त्यास जाळण्यात आले. त्याच आरोपाखाली एका एतद्देशीय स्त्रीसही त्याच्याबरोबर जाळले.

हा दिवस आपणास कळतो तो एका फ्रेंच वैद्याच्या पुस्तकामुळे. त्याचे नाव देलों. फ्रेंच कंपनीच्या जहाजातून तो १६६८ साली हिंदुस्थानकडे निघाला, आणि १६७३ च्या ऑगस्टमध्ये दमण येथे त्यास अटक झाली. त्याचे अपराध पाहावेत तर बाप्तिस्म्याविषयी वाद घातला, भिक्षापेटीवरील पवित्र मरियेच्या चित्राचे चुंबन घेण्याचे टाळले, इन्क्विझिशनचे न्यायाधीशही चुकू शकतात असे बोलून दाखविले, इतकेच. खरे कारण दमणच्या गव्हर्नराचा मत्सर हे होते, असे तो स्वतः सांगतो. गोव्याच्या कोठडीत त्याने दोन वर्षे काढली. जीव नकोसा होऊन आत्महत्येचाही प्रयत्न केला. अखेरीस पाच वर्षे गलबतावरील सक्तमजुरीची शिक्षा देऊन त्यास पोर्तुगालला धाडले. १६७७ साली त्याची सुटका झाली आणि दहा वर्षांनी, १६८७ मध्ये, त्याची हकीकत प्रसिद्ध झाली. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली गोव्याच्या इन्क्विझिशनवर जो इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला, त्यात या हकीकतीला स्थान दिलेले असल्यामुळे जिज्ञासू वाचकांस ती आजही पाहता येते.

आता, कैद भोगलेल्या माणसाचे सांगणे कितपत खरे मानावे, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर विरुद्ध बाजूनेच दिले आहे. १८०८ च्या जानेवारीत क्लॉडियस बुकॅनन हा स्कॉटिश पाद्री गोव्यास आला आणि इन्क्विझिशनच्याच एका न्यायाधीशाचा पाहुणा म्हणून राहिला. देलोंचे पुस्तक त्याने बरोबर आणले होते. ते त्याने यजमानाच्या हाती दिले. पुस्तक वाचताना त्या न्यायाधीशाच्या तोंडून 'असत्य' असे उद्गार निघाले खरे. परंतु बुकॅननने मुद्दे एकेक करून विचारले, तेव्हा कोठड्या, छळ, चौकशीची रीत आणि शिक्षेचा सोहळा यांचे वर्णन सामान्यतः बरोबर आहे, लेखकाने आमच्या हेतूंची मात्र पारख चुकीची केली, अशी त्याने कबुली दिली. मला ही साक्ष पुरेशी वाटते.

चौकशीची ही रीत नीट समजावून घेतली पाहिजे, कारण आपल्या निनावी माणसाचे मरण तीत आहे. आरोपीस पकडून आणल्यावर आरोप काय आहे हे त्यास सांगत नसत. कोणी सांगितले, साक्षी कोणाच्या, हेही नाही. 'तू आपले अंतःकरण तपास आणि स्वतःच कबूल हो', एवढेच त्यास पुन्हा पुन्हा बजावले जाई. म्हणजे ज्याने खरोखर काही केले असेल त्यास निदान काय सांगावे हे ठाऊक असे. निरपराध्यास मात्र आपला अपराध तर्काने हुडकून काढावा लागे. नाही म्हणावे, तर हट्टी व पश्चात्तापशून्य ठरून मरण. कबूल व्हावे, तर पहिल्या खेपेस क्षमा होई. मालमत्ता जाई, अंगावर अपमानाचा झगा येई, काही काळ धर्मशिक्षण घ्यावे लागे. पण जीव वाचे. जीव कोणास प्रिय नसतो? म्हणून पुष्कळजण न केलेलेही कबूल करून सुटत.

परंतु ही सुटका उसनी असे. क्षमा झालेल्या माणसाविरुद्ध पुन्हा तशीच कागाळी आली की तो 'पुनःपतित' ठरे, आणि पुनःपतितास क्षमा नव्हती. पहिली कबुली त्याच्याच हातची असल्यामुळे दुसऱ्या खेपेस त्याचा शब्द कोण मानणार? आपला माणूस पुनःपतित म्हणूनच दोषी ठरला, हे देलोंने स्पष्ट नोंदविले आहे. त्याअर्थी त्याने त्यापूर्वी एकदा कबुली दिलेली होती, एकदा क्षमा मिळवलेली होती, आणि घरी जाऊन काही काळ तो आपल्या माणसांत राहिलेला होता. शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकदा 'चेटक्या' ठरलेल्या माणसाच्या गावात पुढे एखादे मूल दगावले, एखादी गाय आटली, तर बोट कोणाकडे वळेल हे खेड्यात वाढलेल्या माणसास सांगावयास नको.

त्या रात्रीची हकीकत देलोंने बारकाव्याने दिली आहे. मध्यरात्रीनंतर पहारेकरी दिवे घेऊन कोठडीत आले आणि त्यास पांढऱ्या पट्ट्यांचा काळा पोशाख दिला. मग सर्व कैद्यांस एका लांब सज्जात भिंतीला टेकून ओळीने उभे केले. सुमारे दोनशे माणसे होती. त्यांत गोरे जेमतेम डझनभर. कोणी बोलत नव्हते, हालत नव्हते. नंतर पिवळ्या कापडाचे झगे वाटले गेले, त्यांवर पुढेमागे तांबडा, फुलीसारखा तिरपा क्रूस. या क्रूसास संत आंद्रूचा क्रूस म्हणतात, आणि हाच क्रूस पांढऱ्या रंगात स्कॉटलंडच्या निशाणावर आहे. स्कॉटलंडकडे मी पुढे वळणारच आहे.

त्यानंतर पाच उंच कागदी टोप्या आणण्यात आल्या. आकार साखरेच्या टोकदार ढेपेसारखा, अंगावर सैतानांची व ज्वालांची चित्रे, आणि भोवती पोर्तुगीजात एक शब्द: 'फेइतिसेइरु', म्हणजे चेटक्या. आता यांतील एक आपल्या डोक्यावर बसणार, या भीतीने देलों अर्धमेला झाला. टोप्या दुसऱ्यांच्या डोक्यांवर गेल्या. थोड्या वेळाने पाव आणि अंजिरे वाटली. देलोंस अन्न नको होते. तेव्हा जवळचा एक अधिकारी हळूच म्हणाला की पाव घेऊन खिशात ठेव, परत येण्यापूर्वी तुला भूक लागेल. त्या एका वाक्याने देलोंस कळले की आपण परत येणार आहोत! आपल्या निनावी माणसाच्या हातीही पाव दिला गेला असेल. खिशात ठेवण्याविषयी त्यास कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

सूर्योदयापूर्वी कथेद्रालची मोठी घंटा झाली. लोक रस्त्यांवर गोळा झाले. कैद्यांनी अनवाणी चालावयाचे, आणि प्रत्येकाबरोबर नगरातील एक प्रतिष्ठित गृहस्थ 'धर्मपिता' म्हणून चालावयाचा, अशी प्रथा होती. मिरवणुकीत एक मोठा क्रूस होता. ज्यांचे प्राण वाचावयाचे होते ते त्याच्या पुढून चालत, आणि क्रूसावरील ख्रिस्ताचे मुख त्यांच्याकडे असे. ज्यांस मरावयाचे होते ते मागून चालत, आणि त्यांच्याकडे त्याची पाठ असे. ही योजना कोणाच्या डोक्यातून निघाली असेल ती असो. मी कॅथलिक आहे. रोज संध्याकाळी त्याच क्रूसापुढे घरातील मुलाबाळांसह गुडघे टेकतो. देलोंच्या पुस्तकातील छळाच्या वर्णनांपेक्षा हा तपशील मला अधिक असह्य झाला, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्याने वधस्तंभावर शेजारच्या चोरासही स्वर्गाचे वचन दिले, त्याच्या मूर्तीस माणसाकडे पाठ करावयास लावली!

संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये प्रवचन झाले. प्रवचनकाराने इन्क्विझिशनची तुलना नोहाच्या तारवाशी केली: तारवात शिरलेले पशू होते तसेच बाहेर पडले, पण या पवित्र न्यायासनात लांडगे शिरतात ते कोकरे होऊन बाहेर येतात. मग निकाल वाचले गेले. मृत्युदंड जिवंतांपैकी दोघांसच होता, आपला माणूस आणि ती स्त्री. त्यांच्याबरोबर चार मृत माणसांच्या प्रतिमा होत्या आणि त्यांच्या अस्थींच्या पेट्या. त्या चौघांतही दोघे चेटकाच्याच आरोपाचे. चर्चच्या न्यायासनाने रक्त सांडू नये असा नियम असल्यामुळे तुरुंगाधिकाऱ्याने दोषींच्या छातीवर हलकासा आघात केला. आता हे आमचे नाहीत, सरकारचे आहेत, असा त्याचा अर्थ. सरकारला दया करण्याची विनंतीही रीतीप्रमाणे झाली. नदीकाठी लाकडे आदल्या दिवसापासूनच रचून ठेवलेली होती, आणि व्हाइसरॉय आपल्या दरबारासह तेथे वाट पाहत होता. कोणत्या धर्मात मरू इच्छितोस, असे शेवटी विचारीत. ख्रिस्ती म्हणून मरतो असे उत्तर आले तर आधी गळा आवळून मग जाळीत. या दोघांस ज्यांनी शिक्षा दिली ते जितपत चेटके होते तितपतच हे दोघे चेटके होते, असा शेरा देलोंने मारला आहे.

मग चेटूक म्हणजे त्या गोव्यात होते तरी काय? बाटवलेल्या कुटुंबांचे एखाद-दुसऱ्या पिढीपूर्वीचे सारे जग काही बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन निघाले नव्हते. पोर आजारी पडले तर दृष्ट काढणे, शेताच्या बांधावर नारळ ठेवणे, घाड्याकडे जाऊन कौल विचारणे, अंगारा लावणे या गोष्टी त्यांच्या हाडीमांशी खिळलेल्या. त्यांस यात धर्मद्रोह दिसत नसे, न्यायासनास दिसे. पुढे १७३६ च्या फर्मानात तर अंगणात तुळस लावणे, सणासमारंभातील हळद-तांदूळ अशा घरगुती चालीही निषिद्ध ठरवलेल्या दिसतात. गोव्याच्या न्यायासनाने सुमारे अडीच शतकांत सोळा हजारांहून अधिक माणसांवर खटले चालविले, ते या अशा गोष्टींपायी.

येथे आणखी एक गोष्ट मनात येते. याच गोव्यात साष्टीच्या प्रदेशात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ साली ते छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा. ते चर्चमध्ये वाचून दाखवीत. हिंदू पुराणांच्या जागी लोकांच्या कानांस तसेच काही गोड मिळावे, हा त्यामागील हेतू. म्हणजे एकीकडे लोकांच्या भाषेतून त्यांच्या हृदयाशी बोलणारे धर्मगुरू, आणि दुसरीकडे त्याच लोकांस कोठडीत घालणारे न्यायासन, ही दोन्ही एकाच नगरात, एकाच क्रूसाखाली नांदत होती. आम्हां ख्रिस्ती शिक्षकांस पहिल्याची गोष्ट सांगणे आवडते. दुसऱ्याची आम्ही टाळतो. ज्यांच्या फेस्ताला आपण जातो त्या संत फ्रान्सिस झेविअर यांनीच १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन धाडण्याची मागणी केली होती. ते न्यायासन आले ते त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. त्यांचे आजाऱ्यांच्या सेवेचे कार्य मोठे खरे. परंतु त्यामुळे हे पत्र पुसले जात नाही.

हा सारा प्रकार केवळ कॅथलिकांचा, असे मात्र कोणी समजू नये. स्कॉटलंडने १५६० साली पोपचा अधिकार झुगारून दिला, आणि अवघ्या तीन वर्षांत, १५६३ मध्ये, चेटकास देहान्त शिक्षा देणारा कायदा केला. तो १७३६ पर्यंत होता. त्या अवधीत ३,८०० हून अधिक लोकांवर आरोप झाल्याची नोंद संशोधकांनी केली आहे. त्यांत पुरुष शंभरात सुमारे पंधरा. सुमारे अडीच हजारांचा जीव गेला असावा, असा अंदाज आहे. गोव्यात सोळा हजार खटल्यांपैकी प्रत्यक्ष जाळले गेले ते काही डझन. हा आकडा मी समर्थनासाठी सांगत नाही.

त्या पुरुषांतील एक जॉन फियन. हा माझ्याच पेशाचा, प्रेस्टनपॅन्स गावचा शाळामास्तर. राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून नववधू आणावयास गेला असता समुद्रात वादळे झाली, आणि ती चेटकिणींनी उठवली असा बोभाटा उठला. १५९० साली एका मोलकरणीचा छळ करून तिच्याकडून नावे वदवून घेतली. त्यांत फियनचे नाव आले. सैतानाने नॉर्थ बेरिकच्या चर्चमध्ये सभा भरवली आणि मास्तरांस लिहिता येत असल्यामुळे ते त्या सभेचे कारकून झाले, असा आरोप! गावात जे लिहावयाचे ते मास्तरांनी लिहावे, ही चाल सैतानानेही पाळलेली दिसते. एका विद्यार्थ्याच्या बहिणीवर मोहिनी घालण्यासाठी फियनने त्या मुलास तिचे केस आणावयास सांगितले. मुलाच्या आईने हुशारीने कालवडीचे केस दिले. आणि मग ती कालवड चर्चमध्ये येऊन मास्तरांच्या मागे मागे फिरू लागली, अशीही कथा त्या वेळच्या एका छापील चोपड्यात आहे. ती वाचून हसू येते. पुढचे पान वाचवत नाही. डोक्याभोवती दोरी आवळली, पाय लोखंडी साच्यात चिरडले, तेव्हा त्याने कबुली दिली. मग एका रात्री तो तुरुंगातून निसटला. पकडून आणल्यावर मात्र त्याने आधीची कबुली साफ नाकारली. नखांत सुया घातल्या तरी तो ढळला नाही. तेव्हा न्यायकर्त्यांनी असे अनुमान काढले की सैतानाने त्याच्याशी नवा करार करून त्याचे तोंड बांधले आहे. कबूल झाला म्हणून दोषी, आणि नाकबूल झाला म्हणून अधिकच दोषी. १५९१ च्या जानेवारीत एडिंबराच्या गढीखाली त्यास गळा आवळून जाळले.

'तो काळच तसा होता', असे म्हणून आपण पुष्कळदा हात झटकतो. तो काळ सर्वस्वी तसा नव्हता. स्पेनमध्ये १६१० साली लोग्रोन्यो येथे चेटकाच्या आरोपावरून माणसे जाळली गेली, तेव्हा तेथील तीन न्यायाधीशांपैकी सालासार फ्रिआस याच्या मनात शंका आली. तो स्वतः खेडोपाडी हिंडला, कबुली देणाऱ्या अठराशेहून अधिक माणसांस त्याने तपासले, चेटकिणींची म्हणून दाखवलेली मलमे जनावरांस देऊन पाहिली. कशातच काही निघाले नाही. या विषयाची चर्चा सुरू होईपर्यंत तेथे चेटकीही नव्हत्या आणि चेटूक झालेली माणसेही नव्हती, असा त्याच्या अहवालाचा आशय आहे. १६१४ पासून स्पेनच्या इन्क्विझिशनने आपले नियम बदलले आणि चेटकासाठी माणसे जाळणे जवळजवळ थांबवले. सालासार हाही कॅथलिक धर्मगुरू, हाही त्याच नावाच्या न्यायासनावर बसलेला. आणि हे सर्व गोव्यातील त्या जानेवारीच्या बासष्ट वर्षे आधीचे!

ही हकीकत मी एकदा वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "पण सर, तो खरंच करणी करत होता काय?" वर्गात कोणी हसले नाही. आमच्याकडे तिठ्यावर लिंबू-मिरची दिसली की मोटारसायकलवाला वळसा घालून जातो. अमुक घराचे पाणी पिऊ नये असे आया मुलांस सांगतात. करणी, मूठ, भानामती हे शब्द मुलांस पाढ्यांच्या आधी येतात. त्या मुलास मी उलट विचारले की, त्याने केली असे तुला कोणी सांगितले? तो म्हणाला, "लोक म्हणत असतील." या 'लोक म्हणत असतील'चा विचार आता कायद्याने केला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. त्यात अमुक माणूस करणी करतो किंवा मंत्राने गुरांचे दूध आटवतो असे जाहीर करून त्याचे जगणे कठीण करणे, हा गुन्हा ठरवलेला आहे. दूध आटवल्याचा आरोप स्कॉटलंडच्या कागदांतही वारंवार येतो. कर्नाटकाने २०१७ साली आपला कायदा केला व तो २०२० पासून अमलात आला. तेव्हा कोगनोळी नाक्याच्या अलीकडे काय आणि पलीकडे कागलास काय, पुकारा करणाऱ्यास आता सरकारपुढे उत्तर द्यावे लागते. १६७६ साली पिंजऱ्यात उभा होता तो चेटक्या म्हटला गेलेला माणूस. आता तेथे त्यास चेटक्या म्हणणाऱ्याने उभे राहावयाचे आहे. माझ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न कायद्याने बाजूस सारला, हे मला त्यातील सर्वांत शहाणपणाचे वाटते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी, सत्याच्या सेवेच्या नावाखाली चर्चच्या लेकरांनी केलेल्या जुलमाबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. स्कॉटलंडच्या मुख्य मंत्री निकोला स्टर्जन यांनी ८ मार्च २०२२ रोजी, आणि तेथील चर्चने त्याच वर्षी मे महिन्यात, चेटूक-खटल्यांत बळी पडलेल्यांची क्षमा मागितली. फियनचे नाव त्या वेळी पुष्कळांच्या तोंडी आले असेल.

गोव्यातील माणसाचेही नाव एके काळी लिहिलेले होते. जाळलेल्या प्रत्येकाचे चित्र काढण्याची पद्धत होती. जळत्या लाकडांवर ठेवलेले नुसते मस्तक, आणि खाली त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, अपराध व तारीख. हे चित्र दुसऱ्या दिवशी डोमिनिकन संन्याशांच्या चर्चमध्ये टांगण्यात येई, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यास ते दिसावे. इन्क्विझिशन १८१२ साली बंद झाले आणि त्याचे बहुतेक कागद सरकारी हुकमाने जाळण्यात आले. डोमिनिकनांचे ते चर्चही आता जुन्या गोव्यात उभे नाही.